पांढरा ठोकळा आणि मूठभर जवळा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मासे मेले, त्यात सांगण्यासारखं काय, असं म्हणून टाळलं. पण त्या माशांपायी एका मुलीला नको ते ऐकून घ्यावं लागलं, आणि ज्याने बोलायला हवं होतं तो मी समोर बसून चहा पीत होतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं. तो जहाजावर, महिनोन् महिने नसायचा. घरात त्याने हौसेने आणलेली काचेची टाकी आणि तिच्यात पसरट शेपट्यांचे सोनेरी मासे. दारावर मासळी घेऊन येणारी बाई टाकीकडे बघून दर वेळी विचारायची, "ह्ये कधी तळायचे गो?" त्याची बायको हसायची. नवऱ्याचा मात्र त्यांच्यात जीव. व्हिडिओ कॉल आला की आधी टाकी दाखवायची, मग स्वतः समोर यायचं.

एकदा तिच्या माहेरून, नाट्याहून निरोप आला, तिची आई न्हाणीघरात पडली. पोरीने घाईघाईत दुकानातून एक पांढरा ठोकळा आणला. दिसायला खडूसारखा. पाण्यात हळूहळू विरघळतो आणि आतलं खाणं थोडंथोडं बाहेर येतं. किल्ली तिने माझ्याकडे दिली.

"काका, टाकीतला दिवा तेवढा लावा नि मालवा. खायला काही घालू नका हां. ठोकळा पुरतो."

"जा तू निर्धास्त. मी आहे ना."

मी खाली गेलो की मासे काचेशी गोळा व्हायचे, तोंडं उघडून. ठोकळ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. माझी बायको होती तोवर मांजराला भात कालवल्याशिवाय पानावर बसत नसे. मला राहवेना. घरून डब्यातला जवळा आणला, ती वाळवलेली बारीक कोळंबी, आणि चिमूटभर चुरडून टाकला. मासे तुटून पडले. माझ्या हातचं इतक्या आनंदाने बऱ्याच दिवसांत कुणी खाल्लं नव्हतं.

मग रोजच टाकू लागलो. पाणी पेजेसारखं गढूळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत राहिले. मला वाटलं, भूक. मी मूठभर टाकला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर वास आला, आणि एक मासा आडवा तरंगत होता. तेव्हा कळलं, ते खायला मागत नव्हते, त्यांना श्वास पुरत नव्हता. बादल्या भरभरून पाणी बदललं. कंबर धरली, पण मासे सावरले नाहीत. तिला फोन लावला. मागे तिची आई कण्हत होती.

"काका, मासे बरे आहेत ना?"

"आहेत, आहेत. तू आईकडे बघ."

संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. तळाशी साठलेला कुजका जवळा मी ओंजळीने काढून माडाच्या मुळाशी टाकला. ठोकळा मात्र तसाच राहू दिला. त्या दिवशी मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच.

ती परत आली. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो, चहा तिनेच दिलेला.

"दगड टाकून माहेरी जाऊन बसलीस? चार मासे सांभाळवत नाहीत तुला?" मग मला म्हणाला, "काका, झालं काय हो?"

"ठोकळाच खराब निघाला असणार," मी म्हटलं. "तिची काय चूक त्यात?"

तिची बाजू घेतली असं मला वाटलंसुद्धा. पण ठोकळा आणला होता कुणी? फोन ठेवल्यावर ती मलाच म्हणाली, "तुमची उगाच धावपळ झाली, काका."

त्यानंतर ती माहेरी सकाळच्या गाडीने जायची आणि संध्याकाळी परत यायची. आई अंथरुणाला खिळलेली, तरी राहायची नाही. राहते म्हटलं की नवरा फोनवरून मागच्या वेळची आठवण काढायचा. एकदा जिन्यात मी तिला थांबवलं.

"बाय, ते मासे..."

"जाऊ दे हो काका, माझंच चुकलं तेव्हा," म्हणत ती पिशवी सावरत एसटी गाठायला धावली. मी कठडा धरून उभा राहिलो. हाक मारता आली असती.

पुढे ते पनवेलला राहायला गेले. अजून सणासुदीला तिचा फोन येतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, औषधं घेता ना म्हणून दटावते. मी हो-हो म्हणतो आणि फोन ठेवला जातो. बोलायचं असतं ते एवढंच: तुझ्या ठोकळ्यात काही खोट नव्हती गो बाय. जवळा मी घातला, आणि मागाहून काढूनही टाकला. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ कर.