तळहातावरचे प्रश्न

एखाद्या आईच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसलं, की आमच्या डॉक्टरबाई तो प्रश्न बॉलपेनने डाव्या तळहातावर लिहून घ्यायच्या. पुढचं मूल तपासण्याआधी हात धुवावे लागत, मग अक्षरं वाहून जात. म्हणून हळूहळू प्रश्न मनगटाच्या वर सरकले. तुम्ही तेव्हा नोएडात राहत असाल आणि मूल कडेवर घेऊन मार्केटमधल्या त्या दवाखान्यात गेला असाल, तर निळ्या शाईचा तो हात तुम्हीही पाहिला असेल.

आम्ही पुण्याहून नवीनच आलो होतो. नवऱ्याची कंपनी नवी, सेक्टर नवा, आजूबाजूचे निम्मे प्लॉट रिकामे. बाई मराठी घरातल्या, पण जन्मापासून दिल्लीच्या, त्यामुळे त्यांचं मराठी हिंदीला टेकून चालायचं. "देख अगं, घाबरायची काही जरूरत नाही," असं त्या म्हणाल्या, की मला हसूही यायचं आणि धीरही.

माझी मुलगी मुक्ता लहान असताना तिला तापात झटका आला. दिल्लीतल्या डॉक्टरांनी झटक्यांचं औषध रोज द्यायला सांगितलं. तेव्हा बहुतेक ठिकाणी तसंच करत. पण त्यानंतर पोर बदलली. दिवसभर पेंगायची, जागी असली की किरकिरायची. हाक मारली तरी बघायची नाही.

मी बाईंना विचारलं, "हे औषध खरंच लागतं का?"

त्यांनी पेन उचललं. "सगळेच देतात. मीही देते. पण का देते, ते एकदा बघायला पाहिजे."

दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ रांग. वाचायला शनिवारची दुपार काय ती मिळायची. डबा घेऊन त्या बसने दिल्लीला, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लायब्ररीत जायच्या. हव्या त्या लेखांच्या झेरॉक्स काढायच्या आणि परतीच्या बसमध्ये वाचायच्या. एकदा वाचण्याच्या नादात थेट डेपोत पोचल्या होत्या. "पण लेख पूरा झाला," असं वर आम्हाला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"त्या लेखांमधल्या डॉक्टरांनी काही मुलांना हे औषध देऊन आणि काहींना न देता पाहिलंय," त्या म्हणाल्या. "तापातल्या साध्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही. औषधाने मात्र मुलं शिकण्यात मागे पडू शकतात. मुक्ताचं हळूहळू कमी करत बंद करू या."

"आणि पुन्हा झटका आला तर?" नवऱ्याने विचारलं.

"येऊ शकतो. येणार नाही असं मी म्हणणार नाही. आला तर काय करायचं, ते शिकवते." मग त्यांनी मुक्ताला टेबलावर कुशीवर निजवून दाखवलं.

औषध सुटलं आणि मुक्ता परत खिदळायला लागली. पण थंडीत ताप आला, आणि दुपारी झटका. मी तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही. शेजारीण दवाखान्याकडे धावली. बाई पोचेपर्यंत झटका थांबला होता. त्यांनी मुक्ताला नीट तपासलं. मी रडत विचारलं, "औषध पुन्हा सुरू करायचं का?"

हो म्हणणं त्यांना सोपं होतं. कुणीच नावं ठेवली नसती.

त्या माझ्याजवळ पलंगावर बसल्या. "भीती मलाही वाटते, अगं. पण हे असं होऊ शकतं, ते मी वाचलं होतं, तुम्हाला सांगितलंही होतं. नको सुरू करू." आणि मुक्ता उठून बिस्कीट मागेपर्यंत त्या हलल्या नाहीत. तिकडे रांग ताटकळत होती.

तो शेवटचा झटका.

पुढे दवाखाना बंद करून त्या मुलाकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा मी मुक्ताला घेऊन भेटायला गेले. मुक्ता त्यांच्यापेक्षा उंच झाली होती. मी सगळं सांगून आभार मानले. त्यांनी मन लावून ऐकलं.

"मग आपण औषध बंद केलं, की चालूच ठेवलं होतं?"

"बंद केलं."

"अच्छा. बरं केलं आपण."

आमची ती दुपार त्यांना आठवतच नव्हती. अशा किती दुपारी त्यांनी किती घरांत काढल्या असतील. मुक्ताला त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि कॉलेजबद्दल विचारलं. मुक्ता बोलत सुटली. अर्धवट भरलेल्या खोक्यांमध्ये बसून त्या ऐकत राहिल्या, सामान न्यायला आलेली माणसं दारात येऊन उभी राहिली तरी.