झोपतानाचं दूध

माझी मुलगी नऊ वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करायची. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या काटेवाडीच्या घरामागे रोज सकाळी गोधडी वाळत पडे आणि शेजारीण हटकून विचारी, "आज पण पाणी सोडलं व्हय?"

त्या मे महिन्यात इंदापूरला माझ्या नणंदेच्या घरी लग्न होतं. मुलीच्या सगळ्या चुलतबहिणी आठवडाभर आधीच जाणार होत्या. एका सतरंजीवर ओळीनं झोपायचं, ही त्यातली मुख्य मजा. मुलीला जायचं होतं, पण हसतील म्हणून ती नको म्हणत होती.

मी तिला बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही आल्या. डॉक्टरांनी लघवी तपासली, पोट साफ होतं का ते विचारलं. मग म्हणाले, "झोपताना काय पिते?"

"मोठा तांब्याभर दूध," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "डेअरीला घालून उरतं ते. घरच्या म्हशीचं हाय, पाणी न्हाय त्यात."

"आजी, तांब्याभर आत गेलं तर बाहेर नको यायला?"

मुलगी खुदकन हसली. दूध संध्याकाळीच द्या, दिवसा पाणी भरपूर प्या, झोपण्याआधी लघवीला जा, आणि रागावू नका, ती मुद्दाम करत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घराण्यात कुणाला होतं का, या प्रश्नावर सासूबाई छताकडे बघत राहिल्या.

उत्तर जेवताना सासऱ्यांनी दिलं. "हिचा बाप सातवीपर्यंत भिजवायचा की!"

"आबा, लेकीसमोर?" नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"पप्पा, तुमी पण?" मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. रात्री तिनं स्वतःच पिशवी भरली. मी तळाशी युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक धुऊन, घडी करून ठेवलं. चादरीखाली घालायला त्याहून चांगलं काही नव्हतं.

हळदीच्या दिवशी मी इंदापूरला पोचले. मुलगी मांडवातून पळत आली.

"एकदा झालं," तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं. "मी आत्याला उठवलं. आत्या म्हणाली, तुझ्या बापानं माझ्या किती गोधड्या भिजवल्यात, तुझी एक काय घेऊन बसलीस!"

"आणि बहिणी?"

"त्या झोपल्या होत्या. एकीला सांगितलं. तिचं पण होतं कधीकधी." मग माझा पदर ओढत म्हणाली, "आई, लग्न झाल्यावर अजून चार दिवस राहू?"