‘एकदाच टोचतील,’ असं मी ओवीला सांगितलं होतं

मंडळी, आज पार गळून गेलेय, तरी लिहितेय.

माझ्या चार वर्षांच्या ओवीला पाच दिवस ताप आहे. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, म्हणून सकाळी द्वारका चौकाजवळच्या लॅबमध्ये गेलो. रिक्षात तिने विचारलं, "दुखेल का गं आई?"

"थोडंसं. पण एकदाच टोचतील."

सुई टोचली तेव्हा ती रडली, पण हात हलवला नाही. तरी शीर काही सापडली नाही. लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "दुसऱ्या हातातून घ्यावं लागेल. घट्ट धरता का हिला?"

ओवी माझ्याकडे बघत म्हणाली, "तू एकदाच म्हणालीस ना?"

पाच दिवसांच्या जागरणाने माझ्यात तिला धरायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "चुकलं गं माझं. मला माहीत नव्हतं. हवं तेवढं रड, मग तयार झालीस की सांग."

ती रडली. ताई बिचाऱ्या थांबल्या. मग माझ्या ओढणीत तोंड खुपसून ओवीने स्वतःच दुसरा हात पुढे केला.

आता ती झोपलीये. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. तिला धीर द्यायला मी जे बोलले, ते माझ्या हातात नव्हतंच. तुम्ही अशा वेळी मुलांना काय सांगता?