लोकांच्या मुलांची मंदाताई

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "लवकर ये गं... मंदाताई गेल्या." तुझी आई गेली, असं त्या म्हणाल्या नाहीत. मनवेलपाड्यात माझी आई सगळ्यांची मंदाताईच होती. शोकसभेत तर मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी सभेला येऊन बसलोय. तिच्या बालवाडीतली, आता दाढीमिशा आलेली मुलं एकेक करून बोलायला उठत होती. एक जण म्हणाला, "मी डावखुरा. पप्पा हातावर मारायचे. ताईंनी पप्पांना डायरेक्ट सांगितलं, कुठला हात वापरायचा ते त्याला ठरवू दे, तुम्ही मधे पडायचं नाही. लाइफ बनली ना माझी!" लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, कारण मीही डावखुरीच जन्मले होते.

बालवाडी म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधली तळमजल्यावरची एक खोली. बाकं नाहीत, फळा नाही, नुसती एक बुटकी मांडणी. तिच्यावर चिंचोके, करवंट्या, माती, बाटल्यांची झाकणं. आल्यावर काय घ्यायचं ते मुलानंच ठरवायचं. "मूल आपलं आपण शिकतं, आपण फक्त आड यायचं नाही," हे तिचं आयांना सांगायचं ठरलेलं वाक्य. एखादी चिडायची, "ताई, समोरच्या नर्सरीतली पोरं हंड्रेडपर्यंत बोलतात आणि आमचा नुसता चिखल करतो!" आई हसायची. एखादी कार्टी अख्खी सकाळ या करवंटीतलं पाणी त्या करवंटीत ओतत बसली तरी आई शेजारी बसून बघायची, हात लावायची नाही. इतका धीर होता त्या बाईकडे! मग जिना चढून घरात येईपर्यंत तो जायचा कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही.

घरी सगळं तीच ठरवायची. फ्रॉक, वेण्या, मैत्रिणी, पुढे कॉमर्स... आणि हातसुद्धा. ताटावर माझा डावा हात पुढे झाला की पळीचा दांडा बोटांवर बसलाच. डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात कोंबायची. आजी कोकणातून राहायला आली की विचारूच नका. त्यापायी माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि त्याबद्दल पुन्हा बोलणी मलाच. कॉलेजात असताना एकदा मी भांडलेच. "खाली एक आणि वर एक, असं कसं गं तुझं?" ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "ती लोकांची मुलं. त्यांचं चुकलं तर त्यांचे आईबाप आहेत. तुझं चुकलं तर मला विचारतील." उत्तर प्रामाणिक होतं, एवढं मी मान्य करते. पटलं मात्र तेव्हाही नाही, आजही नाही. लोकांच्या मुलांवर विश्वास टाकायला काय लागतं? खरी जोखीम वरच्या मजल्यावर होती, आणि तिथे ती घाबरली.

गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. मी रोज संध्याकाळी तुळिंजच्या माझ्या घरून यायचे आणि भरवायचे. तिला ते मुळीच खपायचं नाही. "राहू दे... माझं मी," म्हणून डाव्या हातानं चमचा ओढायची आणि वरण गळ्यावर ओघळायचं. एकदा तिनं चमचा माझ्यापुढे धरला. "डाव्यानं कसा धरतात... दाखव." मी घेतला. बोटं वळेनात, भात तिच्या गाऊनवर सांडला. "मला नाही येत, आई," मी म्हणाले. टोमणा म्हणून नव्हे. खरंच येत नव्हतं. तिनं माझ्या हाताकडे बघितलं.

"तुला यायचं," ती म्हणाली.

आता बालवाडीच्या त्या खोलीला तिचं नाव द्यायचं, फोटो लावायचा, असं मंडळींनी ठरवलंय. लावा की! माझी ना नाही. त्या खोलीतली बाई चांगलीच होती. माझ्या वाट्याला ती आली नाही, इतकंच. माझ्याकडे तिची दुसरी आठवण आहे. अजूनही जेवायला बसले की माझा डावा हात मांडीखाली दाबलेला असतो. आता ओरडायला कुणी नाही. परवा मुद्दाम बाहेर काढून ताटाशी ठेवला... चार घास झाले आणि बघते, तर तो पुन्हा मांडीखाली.