मावशीची खोकल्याची गोळी

आमची मावशी कारखान्याचं कॅन्टीन चालवते आणि समोरच्याला वाक्य म्हणून पुरं करू देत नाही. आत्महत्या रोखण्याच्या प्रशिक्षणात तिला शिकवलं, "जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारायचं. मग गप्प बसून ऐकायचं." विचारणं तिला लगेच जमलं. गप्प बसणं? छे! शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी हात टेकले आणि तिच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवली. "ही विरघळेपर्यंत एक शब्द नाही!"

एरवी सगळ्यांना हसवणारा वेल्डर काल भरल्या ताटापुढे नुसताच बसला होता. मावशीने सरळ विचारलं आणि भरल्या डबीतली एक गोळी तोंडात टाकली.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "बोलला का गं?"

"त्याला भावाच्या हवाली करून आले. उद्या दोघांना डॉक्टरांकडे नेतेय," म्हणत तिने गोळ्यांची रिकामी डबी माझ्यापुढे आपटली. "नवी आण!"