ठोंब्याची अदलाबदल

दातांच्या कवळ्या घडवता घडवता ताईची नजर अशी तयार झाली होती, की समोरच्याने तोंड उघडलं की अस्सल किती आणि बसवलेलं किती, हे तिला कळायचं. त्यामुळे धाकट्या भावाने मोठ्या कौतुकाने तो नव्याने काढलेला जुना गेम तिच्यापुढे धरला, तेव्हा तिने नाक मुरडलं.

प्राणी पकडायचा हा गेम ती शाळेत असताना खेळली होती. तेव्हा पडद्यावर चार ठिपके हलायचे, प्राणी मनानेच बघावा लागायचा. आता गवताचं पातं न् पातं चकाकत होतं, प्राणी शेपूट हलवत मागे मागे फिरत होते आणि हरायची सोयच ठेवली नव्हती.

"कवळी आहे ही," ती म्हणाली. "सगळे दात सरळ, मूळ एकालाही नाही."

"तुला नवं काही आवडतच नाही," भाऊ म्हणाला. "पण तुझा जुना गेम ज्यात आहे, त्या कार्ट्रिजची बॅटरी संपत आलीये. ती गेली की तुझे प्राणीही गेले. माझ्या मोबाइलवर साठवणीचं अ‍ॅप आहे, त्यात टाकतो."

इथे तिला नमावं लागलं. कारण आत ठोंब्या होता. चिखलातलं एक मठ्ठ कासव. मैत्रिणी त्याला हसायच्या, म्हणून तिने हट्टाला पेटून त्याला लढायला शिकवलं होतं.

काही दिवसांनी जेवताना भावाने मोबाइल पुढे सरकवला. पडद्यावर सोनेरी पक्षी पंख फुलवून बसला होता.

"भल्याभल्यांना मिळत नाही हा. तुझ्यासाठी मिळवला."

"कुठून?"

"अ‍ॅपवर अदलाबदल होते ना. एकाला जुन्यातलं कासव हवं होतं. नव्या गेममध्ये कासवाला घेतलेलंच नाही, ताई. नुसतं पडून होतं."

ताईने घास खाली ठेवला. आवाजही चढवला नाही. याच्यावर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला ठाऊक होतं. तिने मोबाइल घेतला आणि पक्षी सोडून देण्याचं बटण दाबलं. 'नक्की सोडायचा?' अ‍ॅपने विचारलं. तिने 'हो' म्हटलं.

"अगं, तो परत मिळणार नाही," भाऊ कळवळला.

"जेव."

तो तोंड पाडून जेवला. अख्ख्या जेवणात तिला त्याच्या पडलेल्या तोंडाची मजा वाटत राहिली.

भांडी घासताना मात्र तिला आठवलं, पक्ष्याच्या चित्राखाली एक नाव होतं. 'छकुली'. कुणीतरी लाडाने ठेवलेलं. त्या कुणीतरी आपली छकुली देऊन ठोंब्याला घेतलं होतं, आणि हिने ती कचरा झटकावा तशी झटकून टाकली होती.

तिने भावाला हाक मारली. "ज्याने कासव घेतलं, त्याला काही लिहिता येतं का?"

"नाही. अ‍ॅपवर बोलायची सोय नाहीये."

"सोयी बघा मेल्यांच्या," ती म्हणाली आणि पातेलं जरा जास्तच जोरात घासू लागली. या वेळी राग भावाचा नव्हता.