ऑपरेटरमामांनी थांबवलेला खेळ

चालू सिनेमा ऑपरेटरमामांनी सत्तावीस वर्षांत कधी थांबवला नव्हता. खाली खुर्च्या तुटल्या, बाल्कनीत एका बाईला कळा सुरू झाल्या, तरी पडदा काळा झाला नाही. "आत बसलेल्याचा आपल्यावर भरोसा असतो, साहेब. तो तोडायचा नाय," ते म्हणत. स्वतःच्या मुलाने सरकारी दवाखान्यात प्राण सोडल्याचा निरोप आला, तेव्हाही उरलेली चाळीस मिनिटे उभ्याने पुरी करूनच ते घरी गेले.

मी त्या थिएटरचा व्यवस्थापक होतो. हे सांगावे लागते, कारण गेल्या महिन्यात मामा वारल्यापासून आमच्या गुलमंडी भागात जो तो त्यांची गोष्ट सांगत सुटला आहे, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत मामांच्या हाती लोखंडी सळई असते. सळई नव्हती. रक्तही सांडले नाही. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तर खेळ थांबला त्या दिवशी शहरातही नव्हते.

मुलगा नशेच्या गोळ्यांनी गेला. त्या विकणारा कोण, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. साक्ष द्यायला मात्र एकही जण पुढे आला नाही. मामांनी कुणाला दोष दिला नाही. फक्त त्या लोकांसोबत चौकातल्या टपरीवर चहा घेणे बंद केले.

पुढे एका सूडपटाचा दुसरा भाग लागला. पहिल्या भागात नशेचे व्यापारी नायकाच्या भावाला संपवतात. दुसऱ्यात तो त्यांना एकेक करून गाठतो. मी मामांना रजा घ्यायला सुचवले.

"कशापायी? मारणारा तर आपलाच माणूस हाय की," ते म्हणाले.

शुक्रवारी दुपारचा खेळ भरला. पडद्याऐवजी प्रोजेक्टरच्या खोलीतल्या खिडकीतून प्रेक्षक पाहत राहण्याची मामांना सवय होती. पडद्यावर तिसरा व्यापारी मेला, तेव्हा सर्वांत मोठी शिट्टी पाचव्या रांगेतून आली. ती त्या गोळ्या विकणाऱ्याची होती.

पडदा काळा झाला. दिवे लागले. मी आत पोहोचलो तोवर मामा पाचव्या रांगेपाशी उभे होते. हात मोकळे, पण बोटे वळलेली. आता हे त्याचा गळा धरणार, असे मला वाटले. आणि मी अडवायला पुढे झालो नाही.

"क्या मामू, पिक्चर लगाव ना. अभी तो मजा आ रहा था," तो हसत म्हणाला.

"माझं पोरगं तुझ्या गोळ्यांनी गेलं," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "तू भाईर गेल्याबगर पिक्चर चालू व्हणार नाय."

एवढे बोलून ते पायरीवर बसले.

कुणी हलेना. घटकेपूर्वी शिट्ट्या मारणारे तीनशे जण आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. पाच मिनिटे गेली. त्याचा एक सोबती उठला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उठ, बुढ्ढे."

"त्यांच्यावरचा हात काढ," मागून एक रिक्षावाला म्हणाला.

"आन् तू नीघ की, भाऊ," दुसरा त्या विक्रेत्याला म्हणाला. "आमाला शेवट बघायचाय."

कुणीतरी हसले. मग एक रांग उभी राहिली, तिच्यामागची उभी राहिली. तो सोबत्यांना घेऊन बाहेर गेला. त्याला बोटही लागले नाही. जनता पेटून उठली, असे आता सांगतात. साफ खोटे. लोकांना शेवट बघायचा होता. मामांनी तेवढ्यावर काम भागवले आणि सिनेमा थांबवल्या जागेपासून पुन्हा लावला.

मामांनी नोकरी स्वतः सोडली, ही तर सर्वांत मोठी थाप. मालकांनी त्यांना काढले आणि पत्र मी लिहिले. सोमवारी माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी ते दोनदा वाचले.

"साहेब, हितं 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिवलंय."

"पुढे दुसरीकडे अडचण नको, मामा."

"मी ठणठणीत हाय. चालू पिक्चर बंद केला म्हणून काढला, असं लिवा."

मी तो कागद फाडला आणि ते सांगत गेले तसे लिहिले.